मेन कॉक बदलायचाय? थांबा, आधी हे ऐका

बसा बसा, पुढे जागा आहे. सुरुवातीलाच एक विचारतो, घरातलं सगळं पाणी बंद करायचा मेन कॉक कुठे आहे हे किती जणांना माहितीये? बरेच हात वर आले, छान. आता गेल्या वर्षभरात तो फिरवून किती जणांनी बघितलाय? बघा, कसे भराभर खाली गेले हात!

आमच्या शेजाऱ्यांकडे रात्री बाथरूममधला पाईप जोडातून निसटला, पाणी पार हॉलपर्यंत. मेनला जुना गोल चाकाचा गेट व्हॉल्व्ह. काका चाक फिरवतायत फिरवतायत, चाक मस्त फिरतंय आणि पाणी काही थांबत नाही. नंतर खोलल्यावर कळलं, आतला गेट, म्हणजे पाणी अडवणारी पाती, स्पिंडलपासून, म्हणजे चाकाच्या दांड्यापासून सुटून क्षाराच्या थरात वरच अडकून बसलेला. वर्षानुवर्षं उघडाच राहिलेल्या गेट व्हॉल्व्हचं हे होतंच, आणि गेट खाली आला तरी तो टेकतो त्या बैठकीवर कचरा असला की पूर्ण बंद होत नाही. पण मला खरा राग आला तो दुसऱ्या दिवशी. प्लंबरने परत गेट व्हॉल्व्हच आणला! का, तर म्हणे आधी हाच होता. अहो, जो ऐनवेळी बंद झाला नाही तोच परत लावायचा? "होतं तसंच लावा" ही सवय मोडावी म्हणून तर मी आज इथे उभा आहे, यावर मी तासभर बोलू शकतो...

हो हो, चिठ्ठी मिळाली, पाचच मिनिटं आहेत. मग पटापट सांगतो.

बॉल व्हॉल्व्ह घ्या, आत भोक असलेला गोळा फिरतो तो. पाव फेऱ्यात बंद, दांडा पाईपच्या रेषेत म्हणजे चालू, पाईपला काटकोनात म्हणजे बंद, लांबूनच कळतं. फुल बोअर मागा, नाहीतर आतलं भोक पाईपपेक्षा बारीक निघतं आणि प्रेशर कमी होतं. अर्धवट उघडा ठेवू नका, गोळ्याला लागून असलेल्या टेफ्लॉनच्या सीट, म्हणजे कड्या, खराब होतात. बंद सावकाश करा, झटक्यात केलात तर पाईप दणकतात. पितळेचा घेताना बघा, काही पाण्यात साध्या पितळेतलं जस्त झिरपून जातं आणि उरतं ते पोकळ, ठिसूळ तांबं, म्हणून डीझेडआर, म्हणजे जस्त झिरपू न देणारं पितळ घ्या, अंगावर डीझेडआर किंवा सीआर लिहिलेलं असतं. साधं यूपीव्हीसी प्लास्टिक गरम पाण्याला चालत नाही. आणि आटे! आट्यांचे बीएसपी आणि एनपीटी असे दोन वेगळे प्रकार, बीएसपीच्या आट्याचा कोन 55 अंश, एनपीटीचा 60, पण अर्ध्या इंचात दोन्हीला इंचाला 14च आटे, त्यामुळे एकात दुसरा घातला तर सुरुवातीला गुमान बसतात आणि मग गळत राहतात, टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा. शेजारी एक युनियन, म्हणजे खोलता येणारा जोड टाका, पुढच्या वेळी पाईप कापावा लागणार नाही. नवा बसवलात तरी वर्षातून दोनदा बंद-चालू करायचाच, बॉल व्हॉल्व्हसुद्धा न फिरवता ठेवला की जाम होतो.

काय म्हणताय मागून? भिंतीला लागून आहे, दांडा फिरायला जागा नाही? मग आखूड फुलपाखरी मुठीचा बॉल व्हॉल्व्ह मिळतो, तो घ्या, पण गेट नको.