केसपेपरची वाट: विखुरलेल्या दवाखान्याच्या नेटवर्कची नोंद

[दृश्य: ओपीडीची खिडकी. नोंदणीचा संगणक, त्यापुढे रुग्णांची रांग.]

छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यात गनियारी नावाचे गाव आहे. जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेचे रुग्णालय तेथे चालते आणि त्याला जोडून जंगलपट्ट्यातील गावांत तिची उपकेंद्रे चालतात. याच रुग्णालयाच्या गरजा समोर ठेवून थॉटवर्क्स या कंपनीतील अभियंत्यांनी ‘बाह्मनी’ ही मुक्तस्रोत, म्हणजे जिचा कोड सर्वांना खुला आहे अशी, संगणकप्रणाली घडवली, आणि २०१३ च्या सुमारास ती तेथे प्रथम वापरात आली. आज अनेक देशांतील लहान रुग्णालये ती वापरतात. इंटरनेट नसले तरी दवाखाना चालला पाहिजे, ही अट तिच्या मुळाशी असल्याने तिचा सर्व्हर रुग्णालयाच्या आवारातच ठेवता येतो.

बाहेरून एकच पडदा दिसत असला तरी आत ही प्रणाली अनेक तुकड्यांची आहे. रुग्णाचा केसपेपर ओपनएमआरएसमध्ये राहतो, लॅबचे काम ओपनईएलआयएस सांभाळते, बिले आणि औषधांचा साठा ओडूकडे असतो, तर एक्स-रेच्या प्रतिमा डीसीएमफोरची या वेगळ्या सर्व्हरवर साठवल्या जातात. डॉक्टरांनी रक्ततपासणी लिहिली की तो आदेश एका तुकड्याकडून दुसऱ्याकडे आपोआप पोहोचतो. दुसरा तुकडा ठराविक वेळाने पहिल्याला ‘काही नवे आहे का’ असे विचारत राहतो आणि मिळालेले उतरवून घेतो.

हा लघुपट गनियारीच्या नेटवर्कची पाहणी नाही. त्या धर्तीवर चालणाऱ्या, म्हणजे एक मुख्य केंद्र आणि त्याभोवती काही उपकेंद्रे असलेल्या, कोणत्याही सामुदायिक दवाखान्याने आपले नेटवर्क कागदावर कसे उतरवावे, हा त्याचा विषय आहे.

[दृश्य: उपकेंद्रात रक्ताचा नमुना घेतला जात आहे.]

समजा, उपकेंद्रात आलेल्या एका रुग्णाचे रक्त घेतले. नमुन्याची बाटली दुपारच्या एसटीने किंवा कार्यकर्त्याच्या मोटारसायकलवरून मुख्य केंद्राच्या लॅबकडे निघते. त्याच वेळी तपासणीचा आदेश उपकेंद्राच्या संगणकातून स्विचमध्ये, म्हणजे अनेक केबल एकत्र जोडणाऱ्या पेटीत, स्विचमधून राउटरमध्ये, तेथून मोबाइल कंपनीच्या सिमवरून एका सुरक्षित बोगद्यातून, म्हणजे व्हीपीएनमधून, मुख्य केंद्राच्या फायरवॉलपर्यंत, म्हणजे कोणाला आत सोडायचे हे ठरवणाऱ्या दारापर्यंत, येतो. पुढे तो सर्व्हरवर उतरतो, एका प्रणालीतून दुसरीत जातो आणि लॅबच्या पडद्यावर दिसतो. लॅबमधील रक्ततपासणी यंत्र अनेकदा जुन्या सीरियल केबलने शेजारच्या संगणकाला जोडलेले असते. निकाल त्या केबलमधून बाहेर येतो आणि ज्या वाटेने आदेश आला त्याच वाटेने परत उपकेंद्रात पोहोचतो.

या वाटेवर एखादा टप्पा अडला की उपकेंद्रातून फोनवर एकच वाक्य ऐकू येते: ‘रिपोर्ट आला नाही.’ सिमचे रिचार्ज संपले असेल, यूपीएसची बॅटरी बसली असेल, व्हीपीएन तुटले असेल, किंवा सगळे यंत्रसामान ठणठणीत असूनही दोन प्रणालींमधील निरोपांची रांग एका चुकीच्या नोंदीपाशी तुंबली असेल. शेवटच्या प्रकारात राउटर बंद-चालू करून काहीही साधत नाही, आणि तरीही बहुतेक ठिकाणी पहिला उपाय तोच केला जातो. म्हणून नोंदीची सुरुवात यंत्रांच्या यादीपासून न करता केसपेपरच्या या वाटेपासून करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. यादी पाहून कोणती यंत्रे आपल्या मालकीची आहेत हे समजते. त्यांपैकी कोणते बंद पडले तर कोणाचे काम थांबेल, हे केवळ वाट लिहिल्यावरच समजते.

[दृश्य: रॅकमधील गुंतलेल्या केबल. टॉर्चचा प्रकाश.]

ही वाट कोठेच लिहिलेली नसेल तर काय होते, याचे दोन मोठे दाखले अलीकडच्या काळातले आहेत. १४ मे २०२१ रोजी आयर्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेवर, म्हणजे एचएसईवर, माहिती कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. संस्थेने देशभरातील आपल्या संगणकप्रणाली स्वतःहून बंद केल्या, आणि रुग्णालये कागद-पेनाकडे वळली. हल्लेखोरांनी सुमारे एका आठवड्यात कुलूप उघडण्याची किल्ली देऊनही सर्व सर्व्हर पूर्ववत व्हायला सप्टेंबर उजाडला. डिसेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालात नेटवर्क बहुतांशी सपाट असल्याचे, म्हणजे एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायला फारसा अडसर नसल्याचे, नमूद आहे. कोणती प्रणाली रुग्णसेवेसाठी आधी उभी करायची, याची तयार यादीही हाताशी नव्हती. ईमेल बंद पडल्यावर तर संपर्क कोणाशी आणि कसा साधायचा, येथूनच सुरुवात करावी लागली.

दुसरा दाखला आपल्या देशातला आहे. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्समधील पाच सर्व्हर अशाच हल्ल्यात सापडले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली. नोंदणीपासून लॅबपर्यंतची कामे सुमारे दोन आठवडे हाताने करावी लागली. नेटवर्कचे विभाग नीट पाडलेले नसल्याने हे घडले, असे सरकारने राज्यसभेत सांगितले. ज्या नेटवर्कचा नकाशाच नाही, त्याचे विभाग पाडता येत नाहीत, आणि हे एम्सइतकेच पाच संगणकांच्या उपकेंद्रालाही लागू आहे.

[दृश्य: कागदावर हाताने काढलेला आराखडा.]

प्रत्यक्ष काम पायी फिरून सुरू होते. भिंतीतून जाणारी प्रत्येक केबल दोन्ही टोकांना पाहावी लागते, आणि तिच्या दोन्ही टोकांना एकच क्रमांक लावावा लागतो. मार्करने लिहिलेला क्रमांक धूळ आणि घाम यांपुढे फार काळ टिकत नाही. छापील पट्टी किंवा केबलवर घट्ट बसणारी नळी लावणे स्वस्तात पडते. तांब्याच्या केबलची लांबी दोन्ही टोकांच्या छोट्या जोडतारा धरून १०० मीटरच्या आत राहावी लागते. दवाखान्याची इमारत मात्र देणग्या येतील तशी वाढत गेलेली असते. त्यामुळे मधेच कोठेतरी, बहुधा छताजवळ किंवा औषधांच्या कपाटामागे, कोणाच्याही लक्षात नसलेला एक छोटा स्विच लटकलेला सापडतो. तो नकाशावर आलाच पाहिजे, कारण वीज गेल्यावर अख्ख्या विंगेचे काम त्याच्यामुळेच थांबते. दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल टाकलेली असेल तर तेही ठळकपणे नोंदवावे. पावसाळ्याच्या तोंडी विजा कडाडतात तेव्हा विजेच्या दाबाचा लोट त्याच तारेतून आत शिरून दोन्ही टोकांची यंत्रे जाळतो. तेथे वीज न वाहणारी फायबर केबल टाकणे हा खात्रीचा उपाय आहे, आणि नोंदीत लिहिलेला धोका पुढच्या अंदाजपत्रकात मांडणे सोपे जाते.

पायी फेरी झाल्यावर यंत्रांकडूनच माहिती काढता येते. बरेचसे व्यवस्थापित स्विच एलएलडीपी या प्रमाणित पद्धतीने शेजारच्या यंत्राला स्वतःची ओळख सांगतात. नेटवर्कवरील प्रत्येक यंत्राच्या मॅक पत्त्याचा, म्हणजे त्याच्या ओळखक्रमांकाचा, पहिला निम्मा भाग सहसा उत्पादकाला नेमून दिलेला असतो, त्यामुळे अनोळखी यंत्र प्रिंटर आहे, कॅमेरा आहे की कोणाचा फोन, याचा अंदाज बांधता येतो. अलीकडचे फोन मात्र खोटा मॅक पत्ता दाखवतात हे लक्षात ठेवावे. नेटवर्कवरील यंत्रांना विचारणा पाठवून ती शोधणाऱ्या एनमॅपसारख्या साधनाने पाहणी करताना लॅबच्या आणि रुग्णाला जोडलेल्या यंत्रांना वगळावे. जुनी वैद्यकीय यंत्रे अनपेक्षित विचारणांनी अडकून पडू शकतात, आणि ओपीडीच्या वेळेत हा प्रयोग कोणीही करू नये.

अनेक केंद्रांच्या दवाखान्यात खरी गुंतागुंत आयपी पत्त्यांची, म्हणजे नेटवर्कवर यंत्रांना दिल्या जाणाऱ्या आकडी पत्त्यांची, असते. बाजारातून आणलेले कितीतरी राउटर १९२.१६८.१.१ हाच पत्ता घेऊन येतात. केंद्र एकटे असते तोवर त्याने काही बिघडत नाही. मात्र दोन उपकेंद्रे व्हीपीएनने मुख्य केंद्राला जोडली की दोघांचेही पत्ते एकाच मालिकेतले निघतात, आणि सर्व्हरला उत्तर कोणत्या दिशेने पाठवायचे हे ठरवता येत नाही. खासगी वापरासाठी १९९६ पासून तीन पत्तामालिका प्रमाणित आहेत. त्यांतील १० ने सुरू होणारी सर्वांत मोठी आहे. तिचा दुसरा आकडा केंद्राचा आणि तिसरा आकडा विभागाचा धरला, आणि लॅबला २० हा आकडा दिला, तर १०.३.२०.१५ हा पत्ता पाहताच तो तिसऱ्या केंद्राच्या लॅबमधला आहे हे फोनवरही सांगता येते. कार्यालयीन संगणक, वैद्यकीय यंत्रे, कॅमेरे आणि रुग्णांसाठीचे वायफाय यांना वेगवेगळे विभाग द्यावेत, आणि कोणत्या विभागातून कोणत्या विभागात जायला परवानगी आहे हे एका तक्त्यात लिहावे. परवानगीच्या प्रत्येक ओळीपुढे ती का दिली आहे याचे कारण हवे. कारण नसलेली ओळ पुढे कोणीही काढायला धजत नाही.

सिमकार्डावर चालणाऱ्या उपकेंद्राला सहसा स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, कारण मोबाइल कंपनी एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटते. त्यामुळे व्हीपीएनची हाक उपकेंद्राकडूनच निघावी लागते. मुख्य केंद्राला तेथवर आपणहून पोहोचता येत नाही. ही एक ओळ लिहिलेली नसली, तर नवा माणूस मुख्य केंद्रात बसून दिवसभर चुकीच्या टोकाला झगडत राहतो.

[दृश्य: इन्व्हर्टर, बॅटऱ्या, भिंतीवरचे कॅलेंडर.]

विजेची वाट वेगळ्या पानावर काढावी. कोणता प्लग यूपीएसवर आहे, कोणता इन्व्हर्टरवर आहे, कोणता थेट आहे आणि बॅटरी कधी बदलली, हे त्यात यावे. लसींचे शीतकपाट आणि सर्व्हर एकाच इन्व्हर्टरवर असतील, तर दीर्घकाळ लाइट गेल्यावर कोणाला आधी बंद करायचे हा निर्णय डॉक्टरांनी आधीच घेऊन लिहून ठेवलेला असावा. इंटरनेट जोडणी कोणाच्या नावावर आहे आणि तिचा ग्राहक क्रमांक काय, हे तपशील किरकोळ वाटतात. मात्र जोडणी संस्था सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक नावावर निघाली, की तक्रारसुद्धा नोंदवता येत नाही.

नोंदवहीला दोन भाग असावेत, आणि त्यासाठी सातबारा व फेरफार यांच्याइतके चपखल उदाहरण दुसरे नाही. सातबारा आजची स्थिती सांगतो; ती कशी झाली हे फेरफार सांगतो. नकाशा आणि तक्ते नेहमी आजचे असावेत, आणि प्रत्येक बदलाची तारीख, कारण व करणाऱ्याचे नाव स्वतंत्र नोंदीत राहावे. नेटबॉक्ससारखे मुक्तस्रोत साधन दोन्ही गोष्टी सांभाळते. लहान संस्थेला मात्र नीट राखलेली एक स्प्रेडशीट पुरते, आणि न राखलेल्या नेटबॉक्सपेक्षा ती कधीही बरी.

कायद्याची बाजूही येथेच येते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठराविक प्रकारच्या सायबर घटनांची माहिती त्या लक्षात आल्यापासून ६ तासांत द्यावी लागते, प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि यंत्रांची घड्याळे अधिकृत वेळेशी जुळवावी लागतात. मुख्य केंद्राचे आणि उपकेंद्राचे घड्याळ जुळत नसेल, तर आधी काय घडले हेच ठरवता येत नाही. शिवाय कोणते यंत्र बाधित झाले हे शोधण्यातच सहा तास निघून गेले, तर कळवायचे काय, हा प्रश्न उरतो.

पासवर्ड या दस्तऐवजात लिहू नयेत. ते कोठे आहेत आणि कोणाच्या परवानगीने मिळतात, एवढेच लिहावे. नकाशाची संगणकीय प्रतही सर्वांना खुली ठेवू नये, कारण जो नकाशा दुरुस्तीला उपयोगी पडतो तोच घुसखोरालाही उपयोगी पडतो. छापील प्रती मात्र हव्यातच. सर्व्हरवर ठेवलेला आराखडा सर्व्हर बंद पडल्यावर उघडत नाही. पूर्ण संच मुख्य केंद्रातील कुलूपबंद कपाटात आणि एखाद्या जबाबदार विश्वस्ताकडे असावा. प्रत्येक उपकेंद्रात केवळ त्या केंद्राचे एक पान असावे: कोणता दिवा हिरवा दिसायला हवा, कोणती केबल कोठे जाते, कोणत्या क्रमाने काय बंद-चालू करायचे, आणि कोणाला फोन करायचा. हे पान तेथील सिस्टरला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेले असावे, आणि फोन क्रमांक व्यक्तीऐवजी पदापुढे लिहावा.

[दृश्य: उपकेंद्र. सिस्टरच्या हातात ते एक पान.]

लिहून झालेला दस्तऐवज तपासण्याची आम्हाला भरवशाची वाटणारी पद्धत एकच आहे. रुग्ण नसलेल्या वेळी, आधी सांगून, उपकेंद्राची जोडणी मुद्दाम तोडावी. ज्याने नोंद लिहिली त्याने गप्प बसावे, आणि ज्याने ती जागा कधी पाहिलेली नाही अशा सहकाऱ्याने सिस्टरच्या मदतीने, फक्त कागद वाचून, एक चाचणी रिपोर्ट उपकेंद्राच्या पडद्यावर आणून दाखवावा. ते दोघे जेथे थांबतील, जेथे फोन उचलतील, जेथे चुकीची केबल ओढतील, तेथे समासात खूण करावी. त्या खुणा त्याच दिवशी दुरुस्त करून पानावर नवी तारीख घालावी, उपकेंद्रातील जुनी प्रत फाडून टाकावी आणि पुढच्या चाचणीसाठी दुसरे उपकेंद्र निवडावे.