नवरोबा, आधी तुमचा रिपोर्ट

नमस्कार मंडळी! बडोद्याच्या दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या समस्त काकू-मावश्यांची माफी मागून सांगतो, आजचा व्हिडिओ तुमच्यासाठी नाही. सुनांसाठीही नाही. लग्नाला काही वर्षं झालीयत, मूल हवंय, दिवस राहत नाहीयेत आणि दवाखान्यातली फाईल फक्त बायकोच्या नावाने जाड होतेय, अशा नवऱ्यांशी आज बोलायचंय. मी डॉक्टर नाही. त्यामुळे औषधांची नावं माझ्याकडून मिळणार नाहीत.

बडोद्यात हे कसं चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. घरच्या हळदीकुंकवात "काय गं, गोड बातमी कधी?" आणि जिना उतरलो की शेजारच्या बेन, "सारा समाचार छे?" दोन्ही वेळा नजर तिच्या पोटाकडे. आपण बाजूला उभे राहून चपला घालतोय. आपल्याला कोणी काही विचारतच नाही, आणि खरं सांगू का, ते आपल्याला बरं पडतं.

आता मुद्द्याचं. गर्भनिरोधक न वापरता, नियमित संबंध ठेवून 12 महिने झाले तरी दिवस राहिले नाहीत, तर डॉक्टर त्याला वंध्यत्व म्हणतात. बायकोचं वय 35 च्या पुढे असेल तर 6 महिन्यांनीच जायचं. तिची पाळी अनियमित असेल किंवा तुमचं लहानपणी वृषणाचं ऑपरेशन झालं असेल, तर तेवढंही थांबू नका. जागतिक आरोग्य संघटनेचा 2023 चा अहवाल सांगतो की जगात साधारण सहा जणांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी ही अडचण येते. आणि अशा जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये पुरुषाच्या बाजूनेही काहीतरी कारण सापडतं. कधी एकट्या त्याच्याच बाजूने, कधी दोघांच्या.

तरी होतं काय? तिची सोनोग्राफी, तिचं थायरॉइड, तिचं एएमएच, म्हणजे बीजांडांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ततपासणी. मग एचएसजी, म्हणजे गर्भाशयात डाय सोडून नळ्या मोकळ्या आहेत का ते एक्स-रेवर बघतात. बऱ्याच जणींना ते चांगलंच दुखतं. आणि एवढं सगळं झाल्यावर कोणीतरी हळूच म्हणतं, "मिस्टरांचीही एकदा टेस्ट करून घेऊ या का?" अहो, ती पहिल्या आठवड्यातच व्हायला हवी! सिमेन टेस्टला, म्हणजे वीर्याच्या तपासणीला, सुई नाही, भूल नाही, खर्चही बाकीच्या तपासण्यांच्या मानाने किरकोळ.

त्याआधी 2 ते 7 दिवस संबंध आणि हस्तमैथुन दोन्ही टाळायचं. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यायचा. घरून नेणार असाल तर तासाभरात पोचवायचा, आणि तो थंड होऊ द्यायचा नाही. एक मिलीलीटरमागे 1 कोटी 60 लाख शुक्राणू, ही सध्याची खालची संदर्भरेषा आहे. पण त्याखाली आकडा आला म्हणजे नापास, असं नाही. आकडा दर वेळी बदलतो, म्हणून कमी आला तर टेस्ट पुन्हा करतात. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणजे आज तंबाखूचा मावा सोडलात तर फरक पुढच्या आठवड्यात दिसणार नाही. दोन-तीन महिने दम धरा.

जिममध्ये जाणाऱ्यांनी नीट ऐका. बॉडीसाठी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेत असाल तर शुक्राणू तयार होणं जवळपास थांबू शकतं. अनेकांना हे उलटं वाटतं, पण बाहेरून हॉर्मोन मिळालं की मेंदू वृषणांना काम करायचा निरोप पाठवणंच बंद करतो. मकरपुरा जीआयडीसीत भट्टीजवळ काम असेल किंवा नंदेसरीत केमिकलच्या वाफेत, तर तेही डॉक्टरांना सांगा.

आणि ती "मर्दानगी"ची भीती. काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, कमी असलेल्या माणसाचं शरीरसुख अगदी व्यवस्थित असू शकतं. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. काउंट शून्य आला तरी काही जणांमध्ये वृषणातून शुक्राणू काढून इक्सी करता येतं, म्हणजे एक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडतात. ते तंत्र 1992 पासून आहे.

आयव्हीएफपर्यंत, म्हणजे शरीराबाहेर लॅबमध्ये गर्भ तयार करण्यापर्यंत वेळ आलीच, तर इंजेक्शनांच्या दिवसांत तिच्या बीजांडकोशांचा आकार वाढतो, म्हणून उड्या, गिरक्या टाळायला सांगतात. आता हे नवरात्रात आलं तर? या गावात एखादी सून गरब्याला दिसली नाही की सोसायटीभर चौकशी सुरू. तेव्हा उत्तर तुम्ही द्यायचं. "या वर्षी आम्ही दोघंही खेळणार नाही." बास. कारण सांगायची गरज नाही. आईला मात्र खरं सांगायचं की नाही हे आधी दोघांनी बसून ठरवा, आणि सांगायचंच ठरलं तर तुमच्या आईला तुम्ही सांगा. सुनेच्या तोंडून ते ऐकलं की आईला ती तक्रार वाटते.

क्लिनिक निवडताना बघा: 2021 च्या एआरटी, म्हणजे आयव्हीएफसारख्या उपचारांच्या कायद्यानुसार नोंदणी असणं सक्तीचं आहे. प्रमाणपत्र दाखवा म्हणा, खर्च लेखी मागा. कोणी गॅरंटी दिली तर उठून या. आणि "आणंदला जा, तिथे सगळं होतं" असं सांगणाऱ्या काकांना सांगा, पैसे देऊन सरोगसी, म्हणजे दुसऱ्या बाईच्या पोटात आपलं मूल वाढवणं, आता कायद्याने बंद आहे.

दत्तकाचं थोडक्यात. ते दोघांच्या मनाने घ्यायचं, वैतागून नाही. नोंदणी केंद्र सरकारच्या 'कारा' या दत्तक संस्थेच्या पोर्टलवर होते. पण "आपलं रक्त ते आपलं रक्त" असं कोणी बडोद्यात बसून म्हणालं, की मला हसू येतं. त्यांना काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी घेऊन जा. त्या घोड्यावर बसलेले बडोद्याचे महाराज सयाजीराव 1875 मध्ये नाशिककडच्या कवळाण्याहून आले, बारा वर्षांचे होते, आणि महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतलं. आपल्या गावाला आजवर त्यांचंच नाव पुरतंय.

दर महिन्याला पाळी आली की ती बाथरूममध्ये रडते, हे तुम्हाला माहीत असतं. तुमचंही कामात लक्ष लागत नाही, पण ते बोलायला जागा नसते. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आणि चोवीस तास चालू. सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. दोघं मिळून गेलात तर उत्तम, ती तयार नसेल तर एकटे जा.

आणि लॅबची अपॉइंटमेंट घ्यायला तिला फोन करायला लावू नका. टेस्ट तुमची आहे.