बिलावरची २१ अक्षरं

भोसरीच्या एमआयडीसीत रोज माल उधारीवर जातो. घेणारी कंपनी नवी, ऑर्डर मोठी, पैसे ६० दिवसांनी. अशा वेळी ओळखीपाळखीत चौकशी होते. ती करावीच. पण त्या कंपनीच्या लेटरहेडवर, बिलावर २१ अक्षरांचा सीआयएन, म्हणजे कंपनीचा ओळख क्रमांक असतो. कायद्यानं तो छापावाच लागतो.

पहिलं अक्षर ‘एल’ असेल तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे. ‘यू’ असेल तर नाही. पुढे उद्योगाचा संकेतांक, राज्य आणि स्थापनेचं वर्ष. वीस वर्षांचा अनुभव सांगणाऱ्या कंपनीच्या क्रमांकात २०२२ दिसलं, तर विचारायला हवं. कधी उत्तर साधं असतं: आधी भागीदारी होती, नंतर कंपनी केली.

हा क्रमांक केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाका. कंपनी चालू आहे का, संचालक कोण, कोणत्या बँकेकडे तारण आहे, सगळं दिसतं. १०० रुपये शुल्क भरलं की खासगी कंपनीनं दाखल केलेले ताळेबंदही वाचता येतात. हे फार कमी लोकांना ठाऊक आहे, याची हळहळ वाटते. मात्र मार्चअखेरचा हिशेब दाखल व्हायला बऱ्याचदा ऑक्टोबर उजाडतो. आणि दोन-तीन वर्षांचे ताळेबंद दाखलच नसतील, तर उधारी देण्याआधी थांबा.

शेअर बाजारातल्या कंपन्या दर तिमाहीला आकडे देतात. तेवढ्यानं निर्धास्त होऊ नये. ७ जानेवारी २००९ रोजी हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटर्स या आयटी कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्रानं कबुली दिली: ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख आणि बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी रुपये अस्तित्वातच नव्हते. त्या हिशेबांवर लेखापरीक्षकांच्या सह्या होत्या. पण या कबुलीच्या जेमतेम तीन आठवडे आधी कंपनीनं राजू कुटुंबाशी संबंधित दोन मेटास कंपन्या विकत घेण्याचा घाट घातला होता, आणि भागधारक खवळल्यावर मागे घेतला होता. खूण तिथं उघड दिसत होती. प्रवर्तकांनी, म्हणजे कंपनी उभी करणाऱ्या मालक मंडळींनी शेअर गहाण ठेवले होते, तेही तेव्हा जाहीर करणं सक्तीचं नव्हतं. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीनं ती सक्ती त्याच महिन्यात आणली.

म्हणून आज भागधारणेच्या तक्त्यात प्रवर्तकांच्या गहाण शेअरांचा रकाना आधी बघा. वार्षिक अहवालातलं अध्यक्षांचं भाषण ओलांडून मागच्या टिपांकडे जा. घरच्याच कंपन्यांशी केलेले व्यवहार तिथं लिहिलेले असतात. लेखापरीक्षक मुदतीआधी सोडून गेला असेल, तर त्याची कारणंही कंपनीला शेअर बाजाराला कळवावी लागतात. ते पत्र शोधून वाचा.