फुटाचा भाव सांगत नाही, जी

(वर्धा जिल्ह्यातल्या एका बाजार समितीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पुढे जिनिंगवाले बसलेत, त्यांच्या मागे दालमिलवाले, मंगल कार्यालयांचे एकदोन मालक, आणि शेवटच्या रांगेत पॉलिटेक्निकची पोरं, जी हजेरीच्या धाकानं आली आहेत. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘व्यापारी इमारतींच्या लेझर स्कॅनिंगचा खर्च कशावर ठरतो’. यंत्र काय करतं ते मी समजावत बसत नाही. याच आवारातलं शेड मोजलं तेव्हा निम्मं गाव बघायला उभं होतं. तिपाईवरचं ते डबडं गरगर फिरतं, लेझरच्या किरणानं अंतर मोजत सेकंदाला लाखो ठिपके टिपतं आणि समोर जे असेल ते पकडतं. समोर तुम्ही होता. तुमचे सगळ्यांचे ठिपके आमच्या संगणकात आले. (हशा) हसू नका, ते एकेक पुसावे लागतात, आणि पुसणाऱ्याला पगार द्यावा लागतो. खर्चाची ही पहिली बाब, लिहून घ्या.

आता माझं दुखणं सांगतो. फोन येतो. “सायेब, स्कॅनिंगचा फुटाचा भाव काय हाय?” मी विचारतो, इमारत कसली आहे? “इमारतीचं राहू द्या जी, भाव सांगा.” मोजणी कशासाठी हवी? “ते मंग पाहू.” मी म्हणतो, एकदा बघून सांगतो. मग पलीकडून येतं, “नागपूरचा एक जण तं फोनवरच सांगते.” सांगतो खरा. मग तो येतो, मोजतो, आणि नकाशा मागितला की म्हणतो, हे ठिपक्यांचे झाले, नकाशाचे वेगळे. तोवर तुम्ही निम्मे पैसे देऊन बसलेले असता.

तुम्हीच सांगा, कापसाच्या पहिल्या वेच्याला आणि फरदडीला, म्हणजे शेवटी उरल्यासुरल्या बोंडांना, वेचणीचा भाव एकच देता का? किलो तर तोच. पण फरदडीत एका किलोसाठी बाईला किती झाडं हिंडावी लागतात हे तुम्हाला ठाऊक असतं, म्हणून तुम्ही मुकाट्यानं जास्त देता. मग आमच्याच बाबतीत फूट म्हणजे फूट का?

ही घासाघीस आजची नाही. किती जुनी ते सांगतो, आणि यात बराच वेळ जाणार हे संयोजकांनी आधीच धरून चालावं.

इथल्या किती जणांना ठाऊक आहे, की अख्ख्या हिंदुस्थानची मोजणी ज्यानं सुरू केली तो माणूस आपल्या हिंगणघाटात मातीआड झाला? हात वर करा. चार. त्यातले दोन मास्तर आहेत. विल्यम लॅम्बटन. 1802 साली मद्रासजवळ सेंट थॉमस माऊंटपाशी त्यानं पहिली आधाररेषा मोजली, म्हणजे जिच्या लांबीवर पुढची सगळी मोजणी उभी राहते ती. साडेसात मैलांची रेषा, शंभर फुटी पोलादी साखळीनं, 57 दिवस लागले. या मोजणीला पैसे द्यायचे की नाही यावर मद्रासच्या वित्त समितीत खल झाला. तिथला एक सदस्य म्हणाला, श्रीरंगपट्टणला जायचं असेल तर पालखीच्या भोयांच्या नाईकाला सांगावं, तो लॅम्बटनच्या नकाशावाचून बरोबर नेऊन सोडतो. दोनशे वर्षं झाली, माझ्या फोनवर अजून तोच सदस्य बोलतो. (टाळ्या)

त्याचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, सुमारे अर्ध्या टनाचं. लंडनहून निघालं, तर वाटेत फ्रेंचांनी जहाजच पकडलं आणि यंत्र मॉरिशसला गेलं. फ्रेंचांनी ते सभ्यपणे परत पाठवलं. हल्ली आमचं सामान कुरिअरमधून येतं तेव्हा मला त्या फ्रेंचांची फार आठवण होते. मग 1808 साली तंजावरला, देवळाच्या शिखरावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळलं. त्यातली कोन मोजायची चकतीच वाकली. लॅम्बटन तंबूत शिरला आणि जवळजवळ दीड महिना ठोकून-घासून त्यानं ती सरळ केली.

आता मुद्दा ऐका. अर्धा टन लोखंड देवळाच्या शिखरावर न्यायची त्याला काय हौस होती? पुढचा मुक्काम दिसला पाहिजे. जिथून दिसत नाही तिथून मोजता येत नाही. डोंगर मिळाला तर डोंगर, सपाट मुलुखात देऊळ. त्याच्या कामाचा खर्च मुलुख किती चौरस मैलांचा यावर ठरत नव्हता. किती ठिकाणी उभं राहावं लागणार आणि तिथे पोचायला काय पडणार, यावर ठरत होता. 1823 च्या जानेवारीत हैदराबादहून नागपूरकडे येताना तो हिंगणघाटला वारला. त्याच्या जागी आलेल्या एव्हरेस्टचं नाव शिखराला गेलं. पोरांनो, तुमच्या परीक्षेत एव्हरेस्ट येतो. कबर मात्र तुमच्या जिल्ह्यात आहे, एसटीनं जाऊन या.

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटं.’ लॅम्बटनला 20 वर्षं मिळाली होती. असो, आता पळतो.

लेझरही दिसेल तेवढंच मोजतो, भिंतीपलीकडे जात नाही. समजा 20,000 चौरस फुटांचं रिकामं गोडाऊन आहे. दहा-बारा ठिकाणी तिपाई लावली की संपलं. तेवढ्याच फुटांचं तीन मजली लॉज घ्या. चाळीस खोल्या, प्रत्येकीला संडास-बाथरूम, प्रत्येक दारात एक थांबा, जिने, बोळ. शंभरावर थांबे होतात, आणि ते सगळे संगणकात एकमेकांना अचूक जुळवावे लागतात. फूट तेवढेच, पण भाव एकच कसा देणार? आणि तेच गोडाऊन सरकीच्या पोत्यांनी छतापर्यंत भरलं असेल, तर प्रत्येक थप्पीमागे वेगळं उभं राहावं लागतं. आम्ही यायच्या आधी माल हलवाल तर पैसे तुमचेच वाचतील.

काच आणि आरसे. मंगल कार्यालयवाल्यांनी कान द्यावेत. नवरीच्या खोलीत भिंतभर आरसा असतो, आणि यंत्राला त्याच्यामागे आणखी एक नवरीची खोली दिसते. ती पाडायचं काम आमचं. चकचकीत नव्या टिनांचंही तसंच, ठिपके इकडेतिकडे उडतात.

वेळ कोणती? जिनिंग सुरू असताना हवेत रुईची धूळ असते, खाली जमीन थरथरते, बंड्या-ट्रॅक्टर आत-बाहेर करतात. हंगाम संपल्यावर या म्हणता, तेव्हा एप्रिल-मे असतो. बऱ्याच स्कॅनरांना कंपनीनं 40 अंशांपर्यंतच चालायची मुभा दिलेली असते, आणि आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, त्यात टिनाच्या शेडखाली. म्हणजे सकाळी उजाडल्यापासून दहापर्यंत काम, मग झाडाखाली. एका दिवसाचं काम दोन दिवसांवर जातं, मुक्काम वाढतो, जेवणं वाढतात.

अचूकता. गाठी बांधायची नवीन प्रेस बसवायची, कन्व्हेअर जुन्या खांबांमधून न्यायचा, तर मिलिमीटर लागतात. मग टोटल स्टेशननं, म्हणजे कोन आणि अंतर दोन्ही मोजणाऱ्या यंत्रानं, पक्के बिंदू आधी घ्यायचे, तिपाई जवळजवळ लावायची. नुसता आराखडा हवा असेल तर हातात धरून चालत मोजायचं यंत्र असतं, ते सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर इकडेतिकडे चालवून घेतं, पण झपाट्यानं उरकतं. रंगीत स्कॅन हवं असेल तर प्रत्येक थांब्यावर फोटोंचा वेळ वाढतो. फॉल्स सीलिंगच्या वरची केबल, पाइप दाखवायचे असतील तर सीलिंगचे तुकडे उघडावे लागतात, ते कोण उघडणार हे आधी ठरवा.

आणि सगळ्यात मोठी बाब मी शेवटी ठेवली, ही माझी खोड. मोजणी स्वस्त असते, पुढचं महाग. ठिपके ही नुसती माती आहे. त्यातून नकाशा काढायला माणूस बसतो, त्रिमिती मॉडेल करायला आणखी जास्त बसतो, आणि छताचा भार पेलणारी प्रत्येक कैची, प्रत्येक नटबोल्ट दाखवा म्हणाल तर जागेवरचा एक दिवस संगणकावर दोन आठवडे खातो. “सगळंच करून द्या” असं म्हणू नका. छताला हात लावायचा नसेल तर कैच्यांचं मॉडेल मागू नका. आणि दरपत्रकावर 18 टक्के जीएसटी धरलाय की वेगळा, ते वाचून घ्या, मागाहून माझ्याशी भांडू नका.

हो, आणि बँकेला मूल्यांकनासाठी नुसतं क्षेत्रफळ हवं असेल तर मला फोनच करू नका. टेप घ्या, पोरगा घ्या, त्याला दुसरं टोक धरायला लावा. अर्ध्या तासात होते, जी.