डॉसच्या जमान्यात दोन कामं एकदम

काळ्या स्क्रीनवर हा जो कर्सर लुकलुकतोय ना, तो डॉसचा, म्हणजे विंडोजच्या आधी पीसी चालवणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये पहिला पीसी आणला, आत इंटेलचा ८०८८ प्रोसेसर, स्पीड ४.७७ मेगाहर्ट्झ, आणि डॉस प्रोग्रॅमच्या वाट्याला मेमरी जास्तीत जास्त ६४० केबी. आता समजा वर्डस्टारमध्ये पत्र टाइप करताय आणि मध्येच लोटस वन-टू-थ्री या स्प्रेडशीटमधला एक आकडा हवाय, तर पत्र सेव्ह करा, वर्डस्टार बंद करा, फ्लॉपी बदला, लोटस उघडा, आकडा कागदावर उतरवा आणि परत सगळं उलटं. नव्वदीत कॉम्प्युटर क्लास केलेल्यांना हे सांगायला नको.

लोक म्हणतात मशीनच स्लो होती. पण १९८५ चा कमोडोर अमिगा बघा, २५६ केबी मेमरी, ७ मेगाहर्ट्झच्या आसपास स्पीड, तरी त्यात खरंखुरं मल्टिटास्किंग, म्हणजे अनेक प्रोग्रॅम एकदम चालवणं, होतं. अडचण डॉसच्या रचनेतच होती, एक प्रोग्रॅम सुरू झाला की अख्खी मशीन त्याची, तो संपेपर्यंत दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही.

मग पोरांनी जुगाड काढला. बोरलँडचं साइडकिक, १९८४. कंट्रोल आणि ऑल्ट एकदम दाबलं की चालू प्रोग्रॅमच्या डोक्यावर नोटपॅड, कॅल्क्युलेटर, कॅलेंडर हजर! लोक वेडे झाले. खरं तर हे मल्टिटास्किंग नव्हतंच, खालचं काम जागीच थांबलेलं असायचं. असला प्रोग्रॅम डॉसला सांगायचा की मी संपलो, पण मेमरीतून हलायचा नाही, आणि कीबोर्डचा इंटरप्ट (बटण दाबल्याची प्रोसेसरला जाणारी वर्दी) स्वतःकडे वळवून घ्यायचा, म्हणजे तुम्ही दाबलेलं प्रत्येक बटण आधी त्याच्या हातात. असे तीन-चार जण मेमरीत बसले की भांडणं सुरू, आणि साइडकिकचा तर हट्टच असायचा की मला सगळ्यात शेवटी लोड करा.

त्याहून वाईट म्हणजे डॉस एक फाइल लिहित असताना मधूनच त्याला दुसरं काम सांगितलं तर तो स्वतःचाच स्टॅक, म्हणजे अर्धवट कामाची मेमरीतली नोंद, पुसून टाकायचा. मशीन हँग, नशीब खराब असेल तर डिस्कवरचा डेटापण गेला. डॉस आत्ता बिझी आहे का हे सांगणारा एक फ्लॅग आत होता, मायक्रोसॉफ्टची स्वतःची बॅकग्राउंडला छापणारी प्रिंट कमांड असल्या आतल्या सोयींवरच चालायची, पण अधिकृत मॅन्युअलमध्ये त्याचा पत्ता नाही. बाहेरच्या प्रोग्रॅमर्सनी तो खोदून काढला. मला विचाराल तर हा मायक्रोसॉफ्टचा सरळसरळ आगाऊपणा होता.

नोव्हेंबर १९८५ मध्ये विंडोज १.० आलं, तेही भिडस्तच. प्रोग्रॅमने आपणहून प्रोसेसर सोडला तर दुसऱ्याचा नंबर, म्हणजे सभेत एकाने माईक धरून ठेवला की बाकीचे नुसते बसून.

हार्डवेअरचीही एक गंमत होती. इंटेलच्या नंतरच्या २८६ प्रोसेसरमध्ये प्रोग्रॅम एकमेकांपासून वेगळे ठेवणारा प्रोटेक्टेड मोड होता, पण त्यात एकदा शिरलं की डॉसच्या साध्या मोडमध्ये परत यायला प्रोसेसर रिसेट करावा लागायचा, आणि आयबीएम पीसी-एटीमध्ये त्यासाठी कीबोर्ड कंट्रोलरच्या चिपला सांगायचं. हो, कीबोर्डच्या!

त्यापुढच्या ३८६ प्रोसेसरमुळे १९९० च्या विंडोज ३.० मध्ये जुने डॉस प्रोग्रॅम खरोखर एकत्र चालायला लागले, आणि खास विंडोजसाठी लिहिलेले नवे प्रोग्रॅम मात्र एकमेकांच्या मेहेरबानीवरच राहिले. विंडोज ९५ ने नव्या, ३२-बिट प्रोग्रॅमना सक्तीने थांबवून दुसऱ्याला पाळी द्यायला सुरुवात केली, पण विंडोजच्या आतला बराच जुना १६-बिट कोड एका वेळी एकालाच वापरता यायचा, त्यामुळे एखादा जुना प्रोग्रॅम तिथे अडकला की नवेपण ताटकळत, आणि मग लोक वैतागून रिसेटचं बटण दाबायचे.