राजमुद्रेची फाईल

श्रोतेहो, नमस्कार.

तुरुंगांत जागा पुरत नाही, कोर्टांत खटले तुंबलेत आणि अर्थखातं म्हणतंय खर्चाला कात्री लावा. ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाच्या सचिवांची ही रोजची डोकेदुखी. पण त्या खुर्चीबरोबर आणखी एक जुनं पद चालत येतं: क्लार्क ऑफ द क्राउन इन चान्सरी. नावावर जाऊ नका, ही कारकुनी नव्हे. राजाची मोठी मुद्रा ज्या कागदांवर उठते, त्यांचं काम याच कचेरीतून चालतं.

2021 ते 2025 या काळात हे पद अँटोनिया रोमिओ यांच्याकडे होतं. बाई मूळच्या अर्थतज्ज्ञ. 2000 साली लॉर्ड चान्सलरच्या, म्हणजे तेव्हाच्या न्यायमंत्र्याच्या, खात्यात लागल्या, पुढे न्यूयॉर्कला कॉन्सुल जनरल, मग व्यापार खात्याच्या सचिव, आणि फिरून त्याच पहिल्या खात्याच्या नव्या अवताराच्या प्रमुख.

मे 2023 मध्ये तिसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला. त्याची अधिकृत नोंद, म्हणजे राज्याभिषेकाची गुंडाळी, तयार करून घेणं हे रोमिओंचंच काम. तब्बल 21 मीटर लांब, सगळी हाताने लिहिलेली! अशी सर्वांत जुनी उपलब्ध गुंडाळी 1308 ची, दुसऱ्या एडवर्डची. पूर्वी ती कातड्यावर लिहीत, या वेळी पहिल्यांदाच कागदावर.

खरी गंमत लॉर्ड्सच्या, म्हणजे संसदेच्या वरच्या, सभागृहात, अधिवेशन संपताना. एरवी राजाची संमती नुसती जाहीर होते, पण त्या दिवशी जुना थाट. क्राउनचे क्लार्क किंवा त्यांचे उपअधिकारी विधेयकाचं नाव वाचतात आणि समोरून संसदेचे क्लार्क नॉर्मन फ्रेंच या जुन्या दरबारी भाषेत सांगतात, राजाची तशी इच्छा आहे. विधेयक पैशाचं असेल तर राजा आधी आपल्या भल्या प्रजेचे आभार मानतो. कर भरणाऱ्याला एवढा तरी मान हवाच की! नकार शेवटचा दिला तो ॲन राणीने, 1708 मध्ये.

मला विचाराल तर यातलं सर्वांत वजनदार काम अगदी रुक्ष दिसतं. संसद विसर्जित झाली की निवडणुकीचे आदेश याच कचेरीतून सुटतात, साडेसहाशे मतदारसंघांसाठी एकेक. कोण निवडून आलं ते त्याच आदेशावर लिहून कागद परत इथेच येतो. 2024 च्या निवडणुकीचे आदेश रोमिओंच्या कारकिर्दीत निघाले. पुढच्या वर्षी त्या गृहखात्यात गेल्या. मुद्रेचं काम न्याय खात्यातच राहिलं, नव्या सचिवांच्या टेबलावर, तुरुंगांच्या फायलींशेजारी.