उपनगरातल्या कोर्टाची नक्कल कशी काढायची

नमस्कार श्रोतेहो.

मुंबई उपनगर जिल्हा १ ऑक्टोबर १९९० रोजी वेगळा झाला. त्याचं जिल्हाधिकारी कार्यालय वांद्र्याला आहे. त्यामुळे अंधेरी, मालाड किंवा घाटकोपरच्या माणसाला कोर्टातला जुना कागद हवा असला, की तो साहजिकच उपनगराचं जिल्हा न्यायालय शोधायला लागतो. पण ठाण्याला किंवा पुण्याला आहे तसं जिल्हा न्यायालय उपनगराला नाही. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर महाराष्ट्र निवडून जिल्ह्यांची यादी उघडलीत, तर त्यात मुंबई सिटी सिव्हिल कोर्ट, मुंबई सीएमएम कोर्ट्स (म्हणजे दंडाधिकाऱ्यांची कोर्टं), मुंबई स्मॉल कॉजेस कोर्ट अशी वेगवेगळी नावं दिसतील. कौटुंबिक न्यायालयं आणि सहकार न्यायालयं यांच्या याद्या आणखी निराळ्या. चुकीच्या यादीत शोधलं की ‘नोंद सापडली नाही’ असं उत्तर येतं, आणि खटला दाखलच झाला नव्हता अशी समजूत करून घेऊन लोक घरी जातात.

म्हणून सुरुवात वादाच्या प्रकारापासून करा. मालकी, करार, मनाई हुकूम असा दिवाणी दावा असेल तर नगर दिवाणी न्यायालय. त्याची मुख्य इमारत फोर्टला, आणि उपनगरातल्या बऱ्याच प्रकरणांसाठी दिंडोशीला. खून, दरोडा असे सत्र खटलेही याच न्यायालयाकडे चालतात. घरमालक आणि भाडेकरू यांचा वाद लघुवाद न्यायालयात, म्हणजे स्मॉल कॉजेस कोर्टात. ते धोबी तलावाजवळ लोकमान्य टिळक मार्गावर आहे आणि वांद्र्याला त्याची शाखा आहे. घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा यासाठी वांद्रे-कुर्ला संकुलातलं कौटुंबिक न्यायालय. हाउसिंग सोसायटी आणि सभासद यांचं भांडण महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातं. चेक परत आल्याचा किंवा मारहाणीचा खटला मात्र दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे अंधेरी, वांद्रे, बोरिवली, कुर्ला, विक्रोळी, मुलुंड यांपैकी कुठेतरी.

दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. मुंबईत या कोर्टांना क्रमांक आहेत. जुन्या समन्सवर ‘२२ वे न्यायालय, अंधेरी’ असं लिहिलेलं असतं, तो २२ अर्जात लिहायलाच हवा. एकाच इमारतीत अनेक कोर्टं भरतात आणि प्रत्येकाचा कारकून वेगळा असतो. शिवाय १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि महानगर दंडाधिकारी हे पदनाम गेलं. जुन्या कागदावर ‘महानगर दंडाधिकारी’ आणि नव्या कागदावर ‘प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी’ दिसलं, तर गोंधळून जाऊ नका.

आता नंबर. प्रत्येक प्रकरणाला सीएनआर नावाचा १६ अक्षर-अंकांचा क्रमांक असतो. पहिली दोन अक्षरं राज्याची, पुढची चार जिल्हा आणि न्यायालयाची, मग सहा अंकी अनुक्रम, शेवटी चार अंकी वर्ष. हा क्रमांक हाताशी असेल तर संकेतस्थळावर किंवा ई-कोर्ट्सच्या ॲपवर पुढची तारीख, आतापर्यंतच्या तारखा, चढवलेले हुकूम हे सगळं एका शोधात दिसतं.

क्रमांक नसेल तर पक्षकाराच्या नावाने शोधायचं. इथे घाई करू नका. नोंदी इंग्रजी लिपीत आहेत आणि दावा नोंदवताना कारकुनाने जे स्पेलिंग टंकलं तेच यंत्राला माहीत असतं. सावंत हे नाव डब्ल्यूने लिहिलेलं सापडतं आणि व्हीनेही. चव्हाणांचे तर तीन-चार प्रकार. सोसायटीच्या नावात ‘को-ऑपरेटिव्ह’ कुठे पूर्ण, कुठे संक्षेपात, कुठे मध्ये रेघ. पूर्ण नाव टाकण्यापेक्षा नक्की माहीत असलेली पहिली चार-पाच अक्षरं टाका. वर्ष एकेक करून बदला, आणि ‘प्रलंबित’ व ‘निकाली’ दोन्हीकडे पाहा. सापडेना तर समोरच्या पक्षाच्या नावाने शोधा. फौजदारी प्रकरणात पोलीस ठाणं, एफआयआर क्रमांक आणि वर्ष यांवरूनही शोध लागतो. तो रस्ता जास्त खात्रीचा.

प्रकरणाच्या क्रमांकातली अक्षरंही सोडू नका. लघुवाद न्यायालयात आरएई म्हणजे घर खाली करून मागणारा दावा आणि आरएडी म्हणजे भाडेकरूने हक्क जाहीर करून मागितलेला. १५० क्रमांकाचा आरएई दावा आणि १५० क्रमांकाचा आरएडी दावा एकाच वर्षी असू शकतात. दंडाधिकाऱ्यांकडे पीडब्ल्यू, एसडब्ल्यू, एसएस या अक्षरांचं तसंच. नुसता आकडा आणि वर्ष लिहून दिलेला अर्ज हमखास परत येतो.

संकेतस्थळावरून उतरवलेला निकाल वाचायला पुरेसा आहे. पण बँक, उपनिबंधक किंवा वरचं कोर्ट यांना प्रमाणित प्रत लागते. तिलाच आपण नक्कल म्हणतो. पुरावा कायद्याच्या जुन्या कलम ७६ खाली आणि आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ७५ खाली ती दिली जाते. पक्षकाराला ती स्वतः अर्ज करून मिळते, वकील लावायलाच हवा असं नाही. तिऱ्हाइताला मात्र कागद कशासाठी हवा ते कारण प्रतिज्ञापत्रासह लिहून द्यावं लागतं, आणि न्यायाधीशांचा हुकूम झाल्यावरच पुढचं काम होतं. कौटुंबिक वाद, लैंगिक अत्याचार, लहान मुलांची प्रकरणं यांतले कागद बाहेरच्या माणसाला सहसा मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे. माहिती अधिकाराचा अर्ज इथे उपयोगी पडत नाही. कोर्टाच्या नियमांत नकलेची सोय असताना न्यायिक कागद त्याच मार्गाने घ्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितलं आहे.

अर्जात न्यायालयाचं नाव, प्रकरणाचा प्रकार, क्रमांक आणि वर्ष, दोन्ही बाजूंची नावं आणि निकालाची तारीख लिहा. नेमका कोणता कागद, किती प्रती, साधी नक्कल की तातडीची, तेही लिहा. ‘सर्व कागदपत्रे’ असं लिहू नका. फाइल ४०० पानांची निघाली तर तेवढ्या पानांचे पैसे भरायला सांगतील. आधी रोजनाम्याची नक्कल मागा. कोणत्या तारखेला काय घडलं, कोणता अर्ज कोणत्या निशाणीला, म्हणजे फाइलमधल्या कोणत्या क्रमांकाला, लागला, हे रोजनाम्यात ओळीने दिसतं. त्यावरून हवे ते निशाणी क्रमांक काढून दुसरा अर्ज करा. दोन फेऱ्या होतात, पण पैसे आणि दिवस वाचतात. ठाण्याकडे तात्पुरत्या मनाईचा अर्ज ‘निशाणी ५’ म्हणून ओळखला जातो. मुंबईच्या नगर दिवाणी न्यायालयात त्याच कामासाठी ‘नोटीस ऑफ मोशन’ शोधावी लागते.

अर्जावरचा स्टॅम्प आणि पानामागचा दर नक्कल विभागाच्या खिडकीवर विचारून घ्या. पानं मोजून खर्चाचा आकार सांगतात, तो वेळेत भरला नाही तर अर्ज निकाली निघतो. म्हणून मोबाइल नंबर ठळक लिहा, पोच घ्या आणि चार-पाच दिवसांनी फलकावरची यादी पाहा. दारात उभा राहून ‘उद्या काढून देतो’ म्हणणाऱ्याच्या हाती पैसे देऊ नका. पैसे पावतीवरच भरा.

अर्जावर शेरा पडून तो परत आला, तर बहुतेक वेळा फाइल त्या जागी नसते. खटला चालू असेल तर ती त्या कोर्टाच्या कारकुनाकडे असते. नुकताच निकाल लागला असेल तर अजून रेकॉर्ड रूममध्ये उतरलेली नसते. अपील झालं असेल तर सगळं रेकॉर्ड वरच्या कोर्टात गेलेलं असतं. मग तिथला अपील क्रमांक घेऊन तिथेच अर्ज करायचा. आणि फार जुनं प्रकरण असेल, तर निकालपत्र आणि हुकूमनामा जपलेला असतो, पण समन्स आणि किरकोळ अर्ज ठरलेल्या मुदतीनंतर नष्ट केलेले असू शकतात. तुम्ही दिलेले मूळ दस्तऐवज निकालानंतर, अपिलाची मुदत संपली की, अर्ज करून परत घ्या. ते तिथे पडून राहू देऊ नका.

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट. बृहन्मुंबईतल्या मिळकतीला १९३९ पासून वेगळा नियम आहे. दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेली असेल, तरच मधल्या काळातल्या खरेदीदारावर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ चं, म्हणजे दाव्याचा निकाल मानण्याचं, बंधन येतं. म्हणून या नोटिशीचाही शोध घ्या. पण नोटीस नाही याचा अर्थ दावा नाही असा होत नाही. विकणाऱ्याच्या आणि सोसायटीच्या नावाने कोर्टातला शोध तरीही घ्यायचा.

आता तारखांचं गणित. समजा अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे आणि निकाल ३ जूनला लागला. १० जूनला नकलेचा अर्ज केला, २४ जूनला नक्कल तयार झाली. अर्जाचा आणि तयार झाल्याचा दिवस धरून हे १५ दिवस मुदतीतून वगळले जातात, म्हणजे १८ जुलैपर्यंत वेळ मिळतो. पण नक्कल न्यायला तुम्ही ५ जुलैला गेलात, तर मधले ११ दिवस तुमच्याच खात्यातून गेले. तयार नक्कल खिडकीत पडून राहिली तर कायदा तो वेळ देत नाही. ज्याला कैदेची शिक्षा झाली त्याला निकालपत्राची पहिली प्रत ताबडतोब आणि मोफत मिळते, ती मागून घ्या. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे. संगणकावर शोध जमत नसेल, तर कोर्टाच्या आवारातल्या ई-सेवा केंद्रात मदत मिळते.

नक्कल हातात आली की खिडकीसमोरच पानं मोजा. शेवटच्या पानावर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची अशा तिन्ही तारखा आहेत का, ‘खरी नक्कल’ असा शिक्का, सही आणि कोर्टाची मोहोर आहे का, ते बघा. तारीख चुकीची असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. घरी नेऊन तिला लॅमिनेट करू नका; मोहोर बोटाला लागली पाहिजे, आणि पुढच्या कोर्टात तीच प्रत फाइलला टाचायची असते.